खांदा वारंवार निखळतो: टाके घालायचे की हाड बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ २३ वर्षांचा. अठराव्या वर्षी व्हॉलीबॉल खेळताना उजवा खांदा पहिल्यांदा निखळला, तेव्हापासून सहा वेळा झालं, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा झोपेत. एक सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून लॅब्रम शिवून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणतात, हाडाचा तुकडा कापून स्क्रूने बसवावा लागेल. ते ऐकून आई घाबरली आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आधी सहा महिने व्यायाम करून बघा. तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

हात लावून तपासल्याशिवाय आणि स्कॅन बघितल्याशिवाय ‘अमुकच करा’ असं मी सांगणार नाही. पण वीसएक वर्षं बहुतेक खांद्याच्याच शस्त्रक्रिया करत आलोय, आणि तुमच्या मजकुरातल्या एका शब्दावर मी थबकलो: ‘झोपेत’. शिवाय एमआरआयचा उल्लेख तुम्ही दोनदा केलाय, सीटी स्कॅनचा एकदाही नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की वाटतं, दुर्बीण की मोठी चीर हा तुमचा खरा प्रश्नच नाही. भावाच्या खांद्यात हाड किती उरलंय, हे आधी कळायला हवं. तो आकडा हाती आला की तीन मतांतली दोन बहुधा आपोआप गळून पडतील.

खांद्याचा सांधा मुळातच अस्थिर. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्यात तसं नाही. इथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीला टेकून उभा असतो, आणि कुठल्याही क्षणी त्याचा जेमतेम पाव ते तृतीयांश भागच बशीला लागलेला असतो. म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. बशीच्या काठाला रबरी वॉशरसारखी एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे बशी थोडी खोल होते. पुढच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, याच कडेला चिकटलेले असतात. भोवतीचे स्नायू गोळ्याला बशीवर दाबून धरतात.

शंभरातले पंच्याण्णवच्या वर खांदे पुढच्या बाजूला निखळतात. हात वर आणि मागे गेलेला असतो, स्मॅश मारताना जातो तसा, आणि त्या अवस्थेत जोर येतो. गोळा पुढे सरकताना लॅब्रम लिगामेंटसकट बशीच्या खालच्या-पुढच्या काठावरून उचकटून निघतो. ब्लंडेल बँकार्ट या इंग्लिश सर्जननी १९२३ मध्ये या इजेवर बोट ठेवलं आणि ती दुरुस्त करायची रीत मांडली, म्हणून तिला बँकार्ट इजा म्हणतात. तुमच्या पहिल्या सर्जननी सुचवलेली दुरुस्ती तीच, फक्त आता ती दुर्बिणीतून होते: काठावर छोटे अँकर, म्हणजे धागे ओवलेल्या बारीक खुंट्या, ठोकायचे आणि त्यांच्या धाग्यांनी लॅब्रम पुन्हा जागेवर ताणून बांधायचा. नुसता लॅब्रम सुटला असेल तर ही शस्त्रक्रिया उत्तम आहे. मी स्वतः ती सगळ्यात जास्त वेळा करतो.

अडचण अशी की प्रत्येक वेळी खांदा निखळताना लॅब्रमबरोबर हाडाचीही किंमत मोजावी लागते. बशीच्या पुढच्या काठाचा टवका उडतो किंवा काठ घासून घासून गुळगुळीत होतो. त्याच वेळी गोळ्याचा मागचा भाग त्या काठावर आपटून तिथे खाच पडते. ही खाच १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या दोन रेडिऑलॉजिस्टनी सविस्तर वर्णन केली, त्यांचंच नाव तिला मिळालं. म्हणजे बशी पुढून अरुंद होते आणि गोळा मागून खचतो. सहा वेळा निखळलेल्या खांद्यात हे दोन्ही नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

झोपेत निखळणं मला का खटकलं, ते आता लक्षात येईल. पहिल्या वेळी चांगलाच जोर लागला होता. झोपेत कसला जोर? कूस बदलली, हात डोक्याखाली गेला, स्नायू सैल होते, एवढंच. गोळ्याला अडवायला काठ शाबूत असता तर तेवढ्याने तो सटकला नसता. तपासणीतही हेच दिसतं. हात पूर्ण वर नेल्यावरच ‘आता सटकेल’ म्हणून रुग्ण दचकत असेल, तर मी तितका धास्तावत नाही. हात कमरेपासून थोडासा बाजूला नेला आणि तेवढ्यातच तो दचकला, तर हाड गेलंय असं मी स्कॅनच्या आधीच धरून चालतो.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते महत्त्वाचं आहे. झोपेत खांदा निखळण्याचं आणखी एक कारण असतं: झोपेत आलेली फिट. त्या रात्री कुणी काही पाहिलं का, सकाळी जीभ चावलेली होती का, अंथरूण ओलं होतं का, सगळं अंग कुटल्यासारखं दुखत होतं का, हे भावाला नीट विचारा. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा. फिट आटोक्यात नसताना केलेली खांद्याची कुठलीही शस्त्रक्रिया पुढच्या एका फिटमध्ये उखडू शकते, मग ती कितीही मजबूत असो.

आता हाडाचा आकडा. बुर्कहार्ट आणि डी बिअर या दोघा सर्जननी २००० मध्ये आपल्या १९४ दुर्बिणीतून केलेल्या बँकार्ट दुरुस्त्यांचा हिशेब मांडला. ज्यांचं हाड बऱ्यापैकी शाबूत होतं, त्यांच्यात पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण ४ टक्के. ज्यांचं हाड मोठ्या प्रमाणात गेलं होतं, त्यांच्यात ६७ टक्के. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणारे आणि हाडही गेलेले, असे जे होते त्यांच्यात ८९ टक्के. त्या १९४ जणांवर झालेली शस्त्रक्रिया एकच होती, हाड वेगळं होतं. तुमच्या पहिल्या सर्जनचे हात कितीही कसबी असले तरी टाके लॅब्रमलाच घातले जाणार. जे हाड तिथे नाही, ते टाक्याने कुठून येणार?

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणायला आवडलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत वीस वर्षांच्या एका गोलरक्षकाची मी चार अँकर घालून दुरुस्ती केली. पडद्यावर लॅब्रम इतका सुरेख बसला होता की ते फोटो मी सहकाऱ्यांना दाखवले होते. दहाव्या महिन्यात मुलगा चेंडूवर झेपावला आणि खांदा पुन्हा बाहेर. मग सीटी केला, तर बशीचा २२ टक्के काठ गायब. तो स्कॅन आधी करायला हवा होता, आणि मी केला नव्हता. दुसऱ्यांदा उघडताना जुने अँकर, चिकटलेले ऊतक, सगळंच अवघड झालं. त्यानंतर वारंवार निखळणाऱ्या खांद्याला सीटीशिवाय मी हात लावत नाही.

एमआरआय लॅब्रम, लिगामेंट, स्नायू छान दाखवतो, पण हाडाचं माप घ्यायला थ्री-डी सीटी सरस. तो सांगताना एक गोष्ट आवर्जून मागा: दंडाचा गोळा चित्रातून काढून टाकून बशी समोरून दिसेल असं दृश्य. बशीचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण वर्तुळासारखा असतो. त्यावर वर्तुळ बसवलं की पुढून किती मिलिमीटर कमी आहे ते सरळ मोजता येतं. काठ बशीच्या रुंदीच्या २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेला असेल तर नुसते टाके पुरत नाहीत, यावर बहुतेक सर्जन सहमत आहेत. तेरा-चौदा टक्क्यांपासूनच निकाल ढासळायला लागतात, असं अलीकडे दिसून आलंय. त्यामुळे मधल्या पट्ट्यातले रुग्ण खरे डोकं खाजवायला लावतात.

त्यांच्यासाठी खाच आणि काठ यांचा एकत्र हिशेब करावा लागतो. समजा निरोगी बशीची रुंदी २६ मिलिमीटर होती. हात वर-मागे नेताना गोळ्याचा जो पट्टा बशीला टेकतो, तो रुंदीच्या साधारण ८३ टक्के, म्हणजे २१.६ मिलिमीटर. पुढचा काठ ५ मिलिमीटर गेला असेल तर ते वजा करायचे, उरले १६.६. आता गोळ्याच्या मागची खाच, तिथे चिकटणाऱ्या स्नायूबंधापासून (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) खाचेच्या आतल्या काठापर्यंत, १९ मिलिमीटर भरली तर ती पट्ट्याच्या बाहेर जाते. मग हात वर नेला की बशीचा काठ खाचेत उतरतो आणि गोळा अडकून बाहेर पडतो. खाच १४ भरली असती तर ती पट्ट्यातच राहिली असती आणि एवढा धोका नसता. बघा, काठ दोन्ही वेळा तेवढाच गेलाय, १९ टक्के. तरी दोन खांद्यांना दोन वेगळे उपाय लागू शकतात. तुमच्या सर्जनना हे आकडे विचारा. ज्यांनी मोजलंय ते लगेच सांगतील.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: काठ जवळपास शाबूत आणि खाच पट्ट्याच्या आत, तर दुर्बिणीतून बँकार्ट. काठ थोडाच गेलाय पण खाच बाहेर जाते, तर बँकार्टबरोबर त्याच दुर्बिणीतून मागचा स्नायूबंध खाचेत बसवून टाकायचा. याला रेम्प्लिसाज म्हणतात, फ्रेंचमध्ये अर्थ ‘भरणं’. यात हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची थोडी मर्यादा येऊ शकते, आणि फेकीचा खेळ असणाऱ्याला ती जाणवते. काठ बराच गेलाय, तर हाड बसवायचं.

हाड बसवण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे लाटार्जे, मिशेल लाटार्जे या फ्रेंच सर्जननी १९५४ मध्ये मांडलेली. आईंना समजवायला सोपं जावं म्हणून सांगतो. गळ्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाखाली बोट दाबलं की एक टणक उंचवटा लागतो. त्याला कोरॅकॉइड म्हणतात. ग्रीकांना त्यात डोमकावळ्याची चोच दिसली. त्या चोचीचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, त्याला जोडलेल्या स्नायूबंधांसकट, कापून घ्यायचा. सांध्याच्या पुढच्या स्नायूत आडवी फट करून तो आत न्यायचा आणि बशीच्या तुटलेल्या काठावर दोन स्क्रूंनी पक्का करायचा. त्याने बशी पुन्हा रुंद होते. आणि दुसरं काम तुकड्याला लोंबणारे स्नायूबंध करतात: हात वर-मागे गेला की ते गोळ्याच्या पुढून झोळीसारखे ताणले जातात आणि त्याला आत रेटतात. धोका नेमका ज्या अवस्थेत, अडसरही नेमका त्याच अवस्थेत. मला ही शस्त्रक्रिया आवडते ती या युक्तीसाठी.

फुकट मात्र काही मिळत नाही. त्या जागेजवळून हाताच्या दोन महत्त्वाच्या नसा जातात. त्या ताणल्या तर कोपर वाकवण्याची किंवा हात उचलण्याची ताकद काही महिने कमी राहू शकते; कायमचं नुकसान क्वचित. तुकडा बशीच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर आला तर गोळा त्यावर घासून संधिवात होतो, आत गेला तर अडसर नीट होत नाही. कधी हाड जुळत नाही, कधी विरघळतं, कधी स्क्रू टोचतो आणि काढावा लागतो. नीट निवडलेल्या आणि नीट केलेल्या लाटार्जेनंतर पुन्हा निखळण्याचं प्रमाण शंभरात तीन ते पाचच्या आसपास असतं, पण ‘नीट केलेल्या’ या शब्दांवर बरंच अवलंबून आहे. म्हणून वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया करता, हा प्रश्न सर्जनना बिनधास्त विचारा. मला कुणी विचारलं तर राग येत नाही. काठ फारच मोठा गेला असेल, किंवा लाटार्जेही एकदा फसली असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात. तिथवर तुमची गोष्ट जाईल असं आत्ता तरी वाटत नाही.

आणि व्यायाम? फिजिओथेरपिस्ट मुळातच चुकीचे नाहीत. ज्यांचे सगळेच सांधे सैल असतात, खांदा सगळ्या दिशांनी डुगडुगतो पण जोराची इजा कधी झालेली नसते, किंवा जे स्वतःहून खांदा सटकवून दाखवू शकतात, त्यांच्यासाठी महिनोन् महिने व्यायाम हाच पहिला उपाय, आणि त्यांच्यावर घाईने सुरी चालवणं ही आमचीच चूक. पहिल्यांदाच निखळलेल्या तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या माणसालाही बहुतेकदा व्यायाम पुरतो. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यताच मुळात जास्त, आणि स्नायू कितीही कमावले तरी झोपेत ते सैल पडणारच. तुमच्या भावाला व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर लागेल. तिच्याऐवजी नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण ‘खांदा निखळला’ म्हटलं की सगळ्यांना एकच आजार वाटतो. चाळिशी-पन्नाशीनंतर निखळलेला खांदा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात वर उचलता येत नसेल, तर स्नायूबंध फाटलाय का ते बघावं लागतं. तिथे लॅब्रमपेक्षा ती दुरुस्ती महत्त्वाची, आणि उशीर केला तर स्नायू आक्रसून टाक्यांना येत नाहीत. फिट किंवा विजेच्या धक्क्यानंतर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो चक्क बरा दिसतो. असा एक रुग्ण माझ्याकडे चार महिने ‘फ्रोझन शोल्डर’चे शेक घेऊन आला होता. हात बाहेरच्या बाजूला अजिबात फिरत नसेल तर बाजूने घेतलेला एक्स-रे किंवा सीटी मागा. तीन आठवड्यांपेक्षा जुना निखळलेला खांदा कुणालाही ओढून बसवू देऊ नका; हाड मोडतं, वयस्कांत रक्तवाहिनी फाटल्याचीही उदाहरणं आहेत. निखळण्याबरोबर गोळ्याचेच तुकडे झाले असतील तर तरुणांत प्लेट-स्क्रूने ते जुळवायचा प्रयत्न करतो. वयस्कांत पुष्कळदा कृत्रिम सांधा बरा, आणि स्नायूबंध निकामी असतील तर उलट्या रचनेचा, म्हणजे बशीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी बशी.

शस्त्रक्रियेनंतरचं आता सांगतो, कारण घरच्यांना जास्त काम तिथेच पडतं. पूर्ण भूल आणि मानेत नस बधिर करणारं इंजेक्शन, असं बहुतेकदा दोन्ही देतात. हात बारा ते अठरा तास लुळा राहतो, श्वास किंचित अपुरा वाटू शकतो. घाबरू नका. बधिरता उतरायच्या आधीच वेदनेची गोळी द्या. उतरल्यावर शोधायला गेलात तर ती रात्र लांब जाते. हात गळ्यात अडकवायचा पट्टा साधारण चार ते सहा आठवडे. तो काढून कोपर, मनगट, बोटं दिवसातून चार-पाच वेळा हलवायची, नाहीतर खांदा बरा आणि कोपर आखडलेलं अशी गंमत होते. काख धुताना पुढे वाकून हात लोंबता सोडायचा, हाताने उचलायचा नाही. पहिले काही आठवडे टेकून झोपायचं, कोपराखाली उशी. हात बाहेरच्या बाजूला फिरवणं किती आणि केव्हा सुरू करायचं हे सर्जननी आत काय शिवलंय त्यावर ठरतं, शेजाऱ्याच्या वेळापत्रकावर नाही. पळणं तीन महिन्यांच्या आसपास, लाटार्जे केली असेल तर सीटीवर हाड जुळल्याचं बघून पुढचा जोर, आणि स्मॅश सहा महिन्यांच्या आधी नाही. खांदा चौथ्या महिन्यातच ठणठणीत वाटायला लागतो, आणि माझे बहुतेक खेळाडू नेमके तेव्हाच आगाऊपणा करतात.

व्हॉलीबॉल पुन्हा खेळता येईल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. बहुतेक जण खेळतात. सगळेच पूर्वीच्या जोराने स्मॅश मारतात असं नाही. हात मागे नेण्याचे शेवटचे काही अंश कमी पडतात, आणि ज्याचा तोच हात हत्यार आहे त्याला ते कळतं. भावाला हे आधीच सांगा. शस्त्रक्रियेनंतर कळलं की माणूस सर्जनवर चिडतो, आणि थोडंफार बरोबरच असतं ते.

सीटी हाती येईपर्यंत दोन गोष्टी करा. खांदा पुन्हा निखळला तर घरी ओढाओढ नको. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आलाय का ते बघा आणि असेल तर बसवायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि रात्री झोपताना उजवा हात बाहीतून बाहेर न काढता टी-शर्टच्या आतच, पोटावर ठेवायला सांगा. डोक्याखाली जायची सवय असलेला हात तेवढ्यानेही अडतो.